खुलासा: प्रमाणपत्र म्हणजे मॅनेजरपद नव्हे

‘गूगल अ‍ॅड्सचं प्रमाणपत्र मिळवा, थेट मार्केटिंग मॅनेजर व्हा’ असा मेसेज फिरतोय. तो दिशाभूल करणारा आहे. हे प्रमाणपत्र गूगलच्या स्किलशॉप या ऑनलाइन प्रशिक्षण साइटवर मोफत मिळतं, वर्षभरात त्याची मुदत संपते. गूगल अ‍ॅड्स हे ऑनलाइन जाहिरातीचं एक साधन वापरता येतं, एवढंच त्यातून दिसतं.

मॅनेजरला ग्राहक ओळखावा लागतो, किंमत, वितरण, बजेट सांभाळावं लागतं आणि विक्री घसरली तर उत्तरही द्यावं लागतं. मार्केटिंगचे प्राध्यापक जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये मांडलेल्या मार्केटिंगच्या चार ‘पी’पैकी (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन; म्हणजे उत्पादन, किंमत, वितरण, प्रसिद्धी) प्रमोशन हा एकच, जाहिरात त्याचाही फक्त एक भाग. म्हणूनच या पदासाठी सहसा काही वर्षांचा अनुभव मागतात.

प्रमाणपत्र जरूर घ्या, पहिल्या नोकरीसाठी उपयोगी पडतं. पण मॅनेजरपदाच्या आशेवर कुणी हातची नोकरी सोडू नये, म्हणून कळकळीची विनंती: तो मेसेज पुढे पाठवू नका.