उंदराचा एक हिट पॉइंट

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळातल्या नव्या कॅम्पेनसाठी, म्हणजे लांब चालणाऱ्या कथेसाठी, आमच्या डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, आज नियमांची यादी पाठवली. तिच्यात तिसऱ्याच ओळीत लिहिले आहे की वाइल्ड शेप (ड्रुइड या निसर्गाच्या जादूगाराची जनावर होण्याची शक्ती) चालणार नाही, पॉलिमॉर्फ (कोणालाही जनावर बनवणारा मंत्र) चालणार नाही, कारण समतोल बिघडतो. ज्या खेळात आगीचे गोळे फेकता येतात आणि मेलेल्याला उठवता येते, तिथे कोणी उंदीर व्हायचे म्हटले की मात्र समतोल आठवतो, याचा मला मनापासून संताप आला आहे.

ड्रुइड अस्वल होऊन सगळ्यांना भारी पडते ही तक्रार खरी आहे, तेवढे मान्य करून टाकतो. २०१४ च्या नियमांत दुसऱ्या लेव्हलची मून ड्रुइड (जनावर होऊन लढण्यात तरबेज ड्रुइड) ३४ हिट पॉइंटचे, म्हणजे तेवढा मार सोसणारे, अस्वल होत असे, ते पडले की पुन्हा एकदा होत असे, आणि शेजारी वीसेक हिट पॉइंट घेऊन उभा असलेला माझा फायटर तिच्या दोन हल्ल्यांपुढे एकदाच तलवार फिरवत असे. सातव्या लेव्हलला पॉलिमॉर्फने १५७ हिट पॉइंटचा महाकाय वानर उभा करणे हाही अतिरेकच होता.

पण त्याच ड्रुइडने उंदीर होऊन किल्लेदाराच्या दालनात शिरायचे ठरवले, तेव्हा आमच्या टेबलावर कोणी फासेसुद्धा हलवत नव्हते. उंदराला हिट पॉइंट एकच. तिला बोलता येत नव्हते, मंत्र टाकता येत नव्हता, आणि दालनात मांजर आहे हे डीएमने ती आत गेल्यावर सांगितले! एक पंजा बसला असता तर ती शत्रूच्या घोळक्यात माणूस होऊन उभी राहिली असती. यात कोणाचा कोणता समतोल बिघडला?

दोष रूप बदलण्यात नाही, आकडे उसने घेण्यात आहे. राक्षसांच्या पुस्तकातली जनावरे चार खेळाडूंपुढे दोन-चार फेऱ्या टिकून मरण्यासाठी लिहिलेली असतात. त्यांचा सगळा तक्ता खेळाडूच्या हाती दिला तर तो फुगणारच. २०१९ च्या पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाने हे ओळखून लढाऊ रूपांचे आकडे मंत्रातच ठरवून टाकले. डंजन्स अँड ड्रॅगन्सनेही २०२४ मध्ये ड्रुइडचे हिट पॉइंट तिचेच ठेवले, वर लेव्हलइतके तात्पुरते दिले, मून ड्रुइडला त्याच्या तिप्पट, आणि रूपांची यादीही आखडली. अस्वल वठणीवर आले. उंदीर मात्र आता ड्रुइडइतकाच दणकट झाला, म्हणजे मांजरीची भीती गेली, आणि आमच्या त्या प्रसंगात भीतीखेरीज होते काय?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे. ऐन लढाईत खेळाडू नवे जनावर निवडतो आणि डीएमला पाने उलटत बसावे लागते, तो वैताग मी पाहिलेला आहे. म्हणून मी त्याला एवढेच सुचवणार आहे की लढाऊ रूपांना २०२४ चा नियम लावावा, हेरगिरीच्या लहान रूपांना जुना एक हिट पॉइंट ठेवावा, आणि प्रत्येक रूपाचा तक्ता खेळाडूने घरूनच लिहून आणावा. नाही म्हणाला, तरी मी फायटरच खेळणार आहे; भांडतो आहे तो त्या ड्रुइडसाठी.