गाळ मोजतात, नाला कोणीच मोजत नाही

दरवर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या इमारतीमागे एक पोकलेन येते, तिच्यामागोमाग दोन डंपर येतात, त्यांच्यामागोमाग पुलाच्या कठड्यावर कोणा भावी नगरसेवकाचा हात जोडलेला फलक झळकतो, आणि चार दिवसांनी फलक तेवढा मागे ठेवून बाकी सगळे जसे आले तसे निघून जाते. याला या शहरात नालेसफाई म्हणतात. गोरेगाव पश्चिमेला, मालाडच्या खाडीकडे जाणाऱ्या एका नाल्याच्या काठावर मी सव्वीस वर्षे राहतो आहे आणि हा सोहळा मी सव्वीस वेळा पाहिला आहे. यंदा मात्र मी तो नुसता पाहिला नाही, मोजला. आणि मोजल्यापासून माझे डोके ठिकाणावर नाही.

माझी उभी नोकरी आराखडे काढण्यात गेली, त्यामुळे पातळी आणि उतार हे शब्द डोक्यातून जात नाहीत. पोकलेन येण्याआधी एका सकाळी, ओहोटीची वेळ पाहून, मी पुलाच्या कठड्यावर रंगाची एक खूण केली आणि तेथून वजन बांधलेली दोरी खाली सोडली. वजन गाळात रुतून बसू नये म्हणून त्याच्या तळाशी पत्र्याच्या डब्याचे पसरट झाकण जोडले होते. कठड्यापासून गाळापर्यंत ११ फूट ४ इंच भरले. सफाई संपली त्या दिवशी त्याच खुणेवरून १२ फूट ७ इंच भरले, म्हणजे चार दिवसांच्या धडधडाटाने नाला सव्वा फूट खोल झाला. मी खरोखर आनंदलो होतो, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. १० जूनला तीच दोरी ११ फूट ९ इंचांवर टेकली आणि २० जुलैला ११ फूट २ इंचांवर. पावसाळा ऐन भरात असताना आमचा नाला सफाईपूर्वी होता त्यापेक्षा दोन इंचांनी अधिक भरलेला होता, आणि कागदोपत्री मात्र त्याची सफाई शंभर टक्के पूर्ण झाली होती.

हे कसे होते, ते समजायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. गच्चीवर उभे राहून दोन दिवस पाहिले तरी पुरते. उपसलेला गाळ ओला असतो, डंपरमधून तो रस्ताभर सांडतो, म्हणून तो आधी काठावर टाकून सुकवायचा आणि मग उचलायचा, अशी पद्धत आहे. पद्धत समजण्यासारखी आहे. पण तो सुकवायचा कोठे, तर नाल्याच्या अगदी कडेवर, जेथून त्याला परत आत जायला उतारही आयताच मिळतो. आणि केव्हा, तर मे महिना संपता संपता, जेव्हा वळवाचा पाऊस दारात उभा असतो. यंदा निम्मा ढीग उचलला गेला, मग दोन दिवस डंपर आलाच नाही, आणि तिसऱ्या रात्री झालेल्या एका सरीने उरलेला ढीग, त्यातील प्लास्टिकच्या पिशव्या, थर्मोकोल आणि एका फाटक्या गादीसह, जेथून काढला होता तेथेच नेऊन ठेवला. तोच गाळ पुढच्या वर्षी पुन्हा काढला जाईल, पुन्हा काट्यावर चढेल आणि त्याचे पैसे पुन्हा दिले जातील. शेजारच्या शेतकऱ्याची बैलजोडी दरवर्षी नव्याने विकत घेण्यासारखा हा व्यवहार आहे.

माझ्या संतापाचे मूळ येथे आहे. या कामाचा हिशेब मेट्रिक टनांत होतो. किती डंपर भरले, वजनकाट्यावर किती वजन भरले, उद्दिष्टाच्या किती टक्के गाळ निघाला, हे आकडे मे महिन्यात रोज छापून येतात. ओल्या गाळात निम्म्याहून अधिक पाणीच असते, हा भाग तूर्त बाजूला ठेवू. पण काढलेल्या गाळाच्या वजनावरून नाल्यात किती जागा झाली, हे कसे कळणार? नाल्याचा तळ सफाईपूर्वी कोणत्या पातळीवर होता आणि सफाईनंतर कोणत्या पातळीवर आहे, हे प्रत्येक शंभर मीटरवर मोजून पुलाच्या खांबावर रंगवले, तर शाळकरी पोरालाही काम झाले की नाही ते सांगता येईल. त्यासाठी लागणारे लेव्हलचे यंत्र कोणत्याही बांधकामावर तिपाईवर उभे असते. त्याऐवजी २०२५ पासून कंत्राटदारांकडून अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती घेऊन त्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तपासून घेण्याची व्यवस्था आली. डंपर रिकामा होता की भरलेला, हे ती बुद्धिमत्ता ओळखते म्हणे. ओळखत असेल, माझे काही म्हणणे नाही. त्याच २०२५ मध्ये मिठी नदीच्या गाळाबाबत आर्थिक गुन्हे शाखेने पासष्ट कोटींहून अधिक रकमेच्या गैरव्यवहाराचा गुन्हा नोंदवला. न्यायालयात जे सिद्ध व्हायचे ते होवो. पण काढून नेलेल्या वस्तूचे बिल निघते आणि मागे राहिलेल्या खड्ड्याचे मोजमाप कोणाकडेच नाही, अशी रचना असेल, तर तिच्यात शिरणाऱ्याला दरवाजा शोधावा लागत नाही.

आता पुलाखालचा भाग. पोकलेनचा हात पुलाच्या आधी पोहोचतो, पुलाच्या नंतर पोहोचतो, पुलाखाली पोहोचत नाही. तेथे माणसे उतरवायला नकोत, हे मला शंभर टक्के मान्य आहे. छोट्या गटारांत अजूनही हातमोजे न घालता उतरणारी पोरे पाहिली की पोटात कालवते. पण लहान यंत्र आणून तो भाग मोकळा करता येतो, आणि ते आणले जात नाही. त्यातच पुलाच्या पोटाखालून पाण्याची एक मोठी वाहिनी आणि केबलींचे चार जुडगे आडवे गेले आहेत. वरून वाहत आलेली प्रत्येक चिंधी, प्रत्येक फांदी आणि प्रत्येक पिशवी तेथे अडकते, त्यांच्यावर पुढच्या अडकतात, आणि दोन तासांच्या पावसात पुलाखाली चक्क बंधारा तयार होतो. मागे फुगलेले पाणी मग आमच्या तळमजल्यावर येते. तळमजल्यावरच्या काकूंनी गेल्या काही वर्षांत फ्रिज विटांवर, पलंग विटांवर आणि शेवटी धान्याचे डबेही विटांवर ठेवले आहेत. घरात पाऊल टाकले की बांधकामावर आल्यासारखे वाटते.

याची तक्रार करायला गेलो, तर तेथे एक नवे ज्ञान मिळाले. आमचा नाला पुलाच्या खालच्या अंगाला ‘मोठा नाला’ आहे आणि वरच्या अंगाला ‘छोटा नाला’ आहे. मोठ्या नाल्याचे खाते वेगळे, छोट्या नाल्याचे वेगळे, दोघांची कंत्राटे वेगळी. मी विचारले, “मग पुलाखालचा भाग कोणाचा?” समोरच्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, “काका, ते जरा बघावं लागेल.” ते बघत आहेत. या गोष्टीला पाच महिने झाले.

पण खरे सांगायचे, तर गाळ हे अर्धेच दुखणे आहे. हा नाला पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी आहे, त्यामुळे एप्रिलमध्ये तो कोरडा ठणठणीत असायला हवा, आणि एप्रिलमध्येच तो काठोकाठ काळा असतो. हे पाणी कोठून येते? ज्या वस्त्यांना मलवाहिनी मिळालीच नाही त्यांचे सांडपाणी त्यात येते, आणि ज्या इमारतींना मलवाहिनी आहे पण जोडणी पावसाळी गटाराला केलेली आहे त्यांचेही येते. नाल्याच्या तळाशी बसणाऱ्या थरातील मोठा भाग डोंगरावरून आलेली माती नसून आपणच सोडलेला मैला आहे, आणि म्हणून तो वर्षाचे बारा महिने, रोज थोडा थोडा साचतो. जी वस्तू रोज साचते ती वर्षातून चार दिवस काढून कोणाचे समाधान होते, ते मला कळत नाही. घरचा ओटा कोणी दर मे महिन्यात पुसत नाही.

त्यात मुंबईची हवा. कोमट, साचलेल्या पाण्यात प्राणवायू टिकत नाही, घाण झपाट्याने कुजते, तळातून बुडबुडे वर येतात आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. हा वायू नुसता नाकाला त्रास देऊन थांबत नाही. देव्हाऱ्यातील चांदीची निरांजने घासून ठेवली की आठवड्यात काळी पडतात, आणि एसीच्या तांब्याच्या नळ्यांना त्याने छिद्रे पडतात. आमच्या घरातील एसीचा गॅस तीन वर्षांत दोनदा गळाला. दुरुस्तीला आलेला मुलगा खिडकी उघडून बाहेर डोकावला आणि म्हणाला, “नाल्याकडचं घर आहे होय, मग काय होणार?” त्याला पाच मिनिटांत कळले, ज्यांना कळायला हवे त्यांना सव्वीस वर्षांत कळले नाही. डासांबद्दल एक खुलासा मात्र केला पाहिजे, कारण आमच्या सोसायटीत प्रत्येक तापाचे खापर नाल्यावर फुटते. हिवतापाचा आणि डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात, म्हणजे आपल्याच टाक्यांत, कुंड्यांखालच्या ताटल्यांत आणि एसीखालच्या बादलीत वाढतो. नाल्यात वाढतो तो क्युलेक्स, जो रात्रभर कानाशी गुणगुणतो आणि झोपेचे खोबरे करतो. म्हणजे नाल्याची तक्रार करताना आधी आपली बादली रिकामी करावी लागते, आणि ती करणारे आमच्याकडे फारसे नाहीत.

सोसायटीचा विषय निघालाच आहे तर तोही पुरता सांगतो, कारण दुसऱ्याच्या नावाने बोटे मोडताना आपल्या अंगणातील घाण झाकणे मला जमणार नाही. नाल्याच्या काठाने यंत्र जाण्यासाठी जागा मोकळी असायला हवी. आमच्याकडे ती होती. तिच्यावर आता पेव्हर ब्लॉक घातले आहेत आणि अकरा मोटारी उभ्या असतात. यंदा पोकलेनचालकाने मागचे फाटक उघडायला सांगितले, तर आमच्या सेक्रेटरींनी ब्लॉक फुटतील म्हणून नकार दिला, आणि यंत्र लांबून जेवढे पोहोचले तेवढेच काम झाले. ज्या दीडशे फुटांत सफाईच झाली नाही ते दीडशे फूट आमचेच आहेत. तिसऱ्या मजल्यावरून गणपतीनंतरचे निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीला घट्ट गाठ मारून नाल्यात सोडले जाते, कारण ते ‘पाण्यातच सोडायचे असते’. हे पाणी आहे असे ज्याला वाटते त्याच्या श्रद्धेला माझा नमस्कार. कचरा टाकता येऊ नये म्हणून कठड्यावर उंच जाळी बसवली, तर महिन्याभरात तिला पिशवी जाईल एवढे भोक कोणी तरी कापले, आणि ते इतके नीटस कापले आहे की कारागिराचे कौतुक वाटावे.

या सगळ्याच्या वर समुद्र बसलेला आहे. शहराच्या बहुतेक नाल्यांची तोंडे भरतीच्या पातळीच्या खाली येतात. भरती आली की पाणी बाहेर जायचे थांबते आणि खाडीचे पाणी आत शिरते. ओहोटीला एक निळी चप्पल खाडीकडे निघालेली मी पाहतो आणि भरतीबरोबर ती परत येताना पाहतो. तीच चप्पल, गेले आठ दिवस. भरतीला थांबलेल्या पाण्यातील गाळ खाली बसतो, आणि म्हणून आमच्यासारख्या खाडीजवळच्या भागात वर्षातून एकदा उपसून भागणे शक्यच नाही. ही माहिती कोणापासून लपलेली नाही. जुन्या पावसाळी गटारांची क्षमता तासाला २५ मिलिमीटर पावसाची आहे, ती ५० पर्यंत वाढवावी, असे मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावरील ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने १९९३ मध्ये सांगितले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या समितीने सगळे पुन्हा तपासून मांडले. साचलेले पाणी पंपाने समुद्रात सोडणारी उदंचन केंद्रे उभी राहिली, त्यांतली काही उत्तम चालतात, हेही खरे. पण क्षमता ५० ची असो की १०० ची, नाला अर्धा भरलेला असेल तर पाण्याने जायचे कोठून? २६ जुलैच्या त्या रात्री मी कमरेएवढ्या पाण्यातून अंधेरीहून चालत घरी आलो होतो. पुलावर पोहोचलो तेव्हा पूल दिसतच नव्हता. कठड्याची वरची पट्टी तेवढी हाताला लागली. त्याच पट्टीवर आता माझी रंगाची खूण आहे.

परवा माझ्या भ्रमणध्वनीवर संदेश आला की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. सोबत पुरावा म्हणून छायाचित्र होते. छायाचित्रातील नाला स्वच्छ होता, काठावर नारळाची झाडे होती आणि मागे एक देऊळ दिसत होते. आमच्या नाल्यावर नारळाचे झाड नाही, देऊळही नाही. मी त्याच दिवशी नवी तक्रार नोंदवली, त्यात दोरीचे चारही आकडे तारखेसह लिहिले, आणि सेक्रेटरींना सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत मागच्या फाटकाचा विषय घ्यायला लेखी कळवले. ते म्हणाले, “वेळ उरला तर घेऊ, आधी पार्किंगच्या पट्ट्यांचा रंग ठरवायचा आहे.” आज ओहोटी दुपारी पावणेतीनला आहे. मी दोरी घेऊन पुलावर निघालो आहे.