टर्कीशेजारचे तमाले आणि ‘शुद्ध परंपरा’

ह्यूस्टनला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला आत्याने पुण्याहून ‘बोध घ्या’ अशा शेऱ्यासह पाठवलेला मजकूर सध्या अनेक मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे, की अमेरिकेतील हिस्पॅनिक, म्हणजे मूळची स्पॅनिशभाषक देशांतील, कुटुंबे थँक्सगिव्हिंग या कृतज्ञतेच्या अमेरिकी सणाऐवजी ‘मृतांचा दिवस’ हा पूर्वजांच्या आठवणीचा मेक्सिकन सण साजरा करतात आणि जी थँक्सगिव्हिंग पाळतात, ती त्या सणाच्या ठरलेल्या टर्की पक्ष्याशेजारी तमाले हा मक्याचा मेक्सिकन पदार्थ मांडून चारशे वर्षांची शुद्ध परंपरा बाटवतात. मराठी माणसाने तरी तसे करू नये.

यातील शुद्धतेचा मुद्दा सर्वांत हास्यास्पद आहे आणि घातकही, कारण त्यामुळे आपल्याच घरात त्या दिवशी पुरणपोळी वाढताना एखाद्या सुनेला अपराधी वाटू शकते. ज्या मेजवानीपासून हा सण सुरू झाल्याचे मानतात, त्या 1621 मधील प्लिमथ या अमेरिकेतील इंग्रज वसाहतीच्या मेजवानीविषयी तेथील वसाहतकार एडवर्ड विन्स्लो यांनी त्याच वर्षी डिसेंबरात लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. वाम्पानोआग या तेथील मूलनिवासी लोकांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे नव्वद माणसांसह तीन दिवस तेथे होता आणि त्यांनी पाच हरणे मारून आणली, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे; पक्ष्यांच्या शिकारीचा उल्लेख मोघम असून टर्कीचे नावही नाही. ज्या पंगतीत इंग्रजांपेक्षा वाम्पानोआगच अधिक होते, तिच्या नावाने शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याने निदान हे पत्र तरी वाचावे.

शिवाय पाळीव टर्की मूळची मेक्सिकोची. स्पॅनिशांनी ती युरोपात नेली आणि 1612 मध्ये, म्हणजे प्लिमथच्या पंगतीच्या नऊ वर्षे आधी, ती गोव्याहून जहांगीराच्या दरबारात पोहोचली. तेथे उस्ताद मन्सूरने तिचे चित्रही काढले. तमाल्यांचा मकाही मेक्सिकोचाच. कणसाच्या भिजवलेल्या सालीवर मक्याचे पीठ थापून, आत सारण भरून, आपल्या पातोळ्यांसारखे वाफवलेले तमाले टर्कीशेजारी आले तर बाटले काय? दोघांचे माहेर एकच आहे. पोर्तो रिकन घरांत तर लसूण, ओरेगानो आणि मिऱ्यांचे वाटण टर्कीच्या कातडीखाली हात घालून चोळतात, ती रात्रभर मुरवतात आणि भाजलेल्या डुकराच्या चवीचे ‘पावोचोन’ करतात. सोबत तुरीच्या दाण्यांचा भात असतो, आणि तूर मूळची भारतातली, हे आत्याला मुद्दाम कळवायला हवे.

‘मृतांचा दिवस’ 1 आणि 2 नोव्हेंबरला येतो, तर थँक्सगिव्हिंग 1941 च्या कायद्यानुसार नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. एक पाळल्याने दुसरा बुडत नाही. मेक्सिकोत थँक्सगिव्हिंग पाळण्याची प्रथा नाही आणि नव्याने आलेल्या काही घरांत तो मुलांच्या शाळेतून शिरतो, एवढे मात्र मान्य करावे लागेल. परंतु या सणापासून खरोखर फटकून राहणाऱ्यांची उदाहरणेच हवी असतील, तर 1970 पासून प्लिमथमध्ये त्याच दिवशी शोकदिन पाळणारे वाम्पानोआग आणि इतर मूलनिवासी आहेत. आत्याने पाठवलेल्या मजकुरात त्यांच्याविषयी एक ओळही नाही.