साहेबांचं अभिनंदन, पण मागे खुर्ची रिकामी ठेवू नका

आमच्या विद्यापीठाचे प्र-कुलगुरू, म्हणजे कुलगुरूंच्या खालोखालचे अधिकारी, दुसऱ्या एका विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून निघाले. बातमी आली त्या संध्याकाळपासून आम्हा जुन्या कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर पुष्पगुच्छांचे फोटो आणि 'आपल्या विद्यापीठाचा बहुमान' असे मेसेज धडाधड येतायत. मीही लिहिलं, आणि अगदी मनापासून लिहिलं. निवृत्त होईपर्यंत मी सरांच्या हाताखाली काम केलंय. फाईल वाचल्याशिवाय सही न करणारा आणि शिपायालाही अहो-जाहो करणारा माणूस. त्यांना कुलगुरुपद मिळालं, योग्यच झालं. पण इतक्या मेसेजांमध्ये एकानेही विचारलं नाही की आता इथं कोण? त्यांच्या टेबलावरची कामं कुणाकडे? हा प्रश्न मला गप्प बसू देत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय. माझ्या विद्यापीठाचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण हे कमी-जास्त प्रमाणात सगळीकडे असंच चालतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. माणसाने एक संस्था सोडून दुसरीचं नेतृत्व करायला जाणं यात काहीही वावगं नाही. नागपूर विद्यापीठाचे प्र-कुलगुरू डॉ. प्रमोद येवले २०१९ मध्ये औरंगाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पुण्यात प्रभारी प्र-कुलगुरू असलेले डॉ. संजीव सोनवणे २०२३ मध्ये नाशिकच्या मुक्त विद्यापीठात कुलगुरू म्हणून गेले. रुईया कॉलेजचे प्राचार्य डॉ. सुहास पेडणेकर २०१८ मध्ये मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. निकालांच्या गोंधळात होरपळलेल्या मुंबई विद्यापीठाला तेव्हा कॉलेज चालवलेला माणूस मिळाला, ते चांगलंच झालं. एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी कामी येतं. माणसं फिरली पाहिजेत, या मताची मी आहे.

माझं भांडण आहे ते मागे राहणाऱ्या रिकाम्या खुर्चीशी.

पुणे विद्यापीठाची २००९ ते २०१२ ही तीन वर्षं आठवून बघा. डॉ. नरेंद्र जाधव कुलगुरू होते, २००९ मध्ये त्यांची नियोजन आयोगावर नेमणूक झाली आणि ते मुदत संपायच्या आत दिल्लीला गेले. मग डॉ. अरुण अडसूळ प्रभारी. २०१० मध्ये आयआयटी मुंबईचे प्रा. रघुनाथ शेवगावकर पूर्णवेळ कुलगुरू म्हणून आले. लोकांना हायसं वाटलं. जेमतेम वर्ष-सव्वा वर्ष होतंय तोवर त्यांची आयआयटी दिल्लीच्या संचालकपदी निवड झाली आणि तेही गेले. पुन्हा प्रभारी, या वेळी सनदी अधिकारी संजय चहांदे. २०१२ च्या मे महिन्यात डॉ. वासुदेव गाडे आले तेव्हा कुठे घडी बसायला सुरुवात झाली. २००९ मध्ये बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आलेला मुलगा २०१२ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. त्याच्या अख्ख्या शिक्षणात विद्यापीठाला सलग दीड-दोन वर्षं टिकलेला प्रमुख मिळाला नाही. पुणे, नगर आणि नाशिक अशा तीन जिल्ह्यांतली शेकडो कॉलेजं या एका खुर्चीकडे बघून चालतात, हे लक्षात घ्या.

शेवगावकर सरांना मी दोष देत नाही. आयुष्य आयआयटीत घालवलेल्या इंजिनिअरला आयआयटी दिल्लीचं संचालकपद चालून आलं, तर तो जाणारच. दोष आहे तो व्यवस्थेचा. हा माणूस जाणार हे कळल्या दिवशीच पुढच्याचा शोध सुरू व्हायला हवा होता. आपल्याकडे मात्र खुर्ची रिकामी झाल्याशिवाय कुणाला जागच येत नाही.

मध्येच जाण्याचं एक वेळ समजू शकते, ते अचानक ठरतं. पण मुदत पूर्ण करून जाणाऱ्याची तारीख तर रुजू होण्याच्या दिवशीच ठरलेली असते. कायद्याने कुलगुरूंची मुदत पाच वर्षं किंवा वयाची पासष्टी, जे आधी येईल ते. डॉ. नितीन करमळकर मे २०१७ मध्ये पुण्यात आले, म्हणजे मे २०२२ मध्ये जाणार हे शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं. तरी ते गेल्यावर वर्षाहून जास्त काळ पुण्याचा कारभार लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. कारभारी काळे यांच्याकडे अतिरिक्त होता. सप्टेंबर २०२२ मध्ये पेडणेकर सरांची मुदत संपली आणि मुंबई विद्यापीठ कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. दिगंबर शिर्के यांच्याकडे दिलं गेलं. कोल्हापूर ते मुंबई साडेतीनशे किलोमीटरहून जास्त अंतर. एकच माणूस दोन्हीकडे कुलगुरू. राज्यातल्या दोन सर्वांत मोठ्या विद्यापीठांची ही अवस्था जून २०२३ पर्यंत चालली. मग मुंबईला डॉ. रवींद्र कुलकर्णी आणि पुण्याला डॉ. सुरेश गोसावी आले.

उशीर का झाला? कुलगुरू निवडीचे अधिकार कुणाचे, सरकारचे की कुलपती असलेल्या राज्यपालांचे, यावरून. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती मंजूर केली, तिला राज्यपालांची संमती मिळाली नाही, मग सरकारच बदललं आणि दुरुस्ती मागे घेतली गेली. त्यानंतर कुलगुरुपदासाठी नावं सुचवणाऱ्या शोध समितीत यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) प्रतिनिधी हवा म्हणून पुन्हा कायद्याचं काम निघालं. यातला एकेक वाद महत्त्वाचा असेलही. पण त्याची किंमत मंत्रालयाने भरली नाही आणि राजभवनानेही भरली नाही. ती भरली विद्यार्थ्यांनी.

ती कशी भरतात ते मी कक्षाधिकारी म्हणून टेबलाच्या अलीकडून बघितलंय.

कमवा व शिका योजना बहुतेकांना माहीत असेल. गरीब घरातली मुलं विद्यापीठात दिवसाकाठी काही तास काम करतात. कुणी ग्रंथालयात पुस्तकं लावतं, कुणी रोपवाटिकेत, कुणी एखाद्या विभागात टायपिंगला. त्यांना तासाप्रमाणे मानधन मिळतं. आमच्याकडे त्या मानधनाचा दर बरीच वर्षं तोच होता आणि मेसचा दर मात्र दर जूनला वाढायचा. दर वाढवायचा प्रस्ताव मी स्वतः तयार केला. टिपणी लिहिली, वित्त विभागाचा अभिप्राय घेतला, कुलसचिवांची शिफारस झाली आणि 'मान्यतेस्तव सादर' म्हणून फाईल वर गेली. तेव्हाचे कुलगुरू मुदतीच्या शेवटच्या महिन्यात होते. त्यांनी समासात लिहिलं, 'चर्चा करावी.' चर्चेला वेळ मिळाला नाही, निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, ते गेले.

मग प्रभारी आले. आठवड्यातून दोन दिवस यायचे, एरवी आपल्या मूळ विद्यापीठात. मी फाईल पुन्हा वर ठेवली. ती खाली आली तेव्हा हिरव्या शाईत शेरा होता: 'धोरणात्मक बाब. नियमित कुलगुरू रुजू झाल्यानंतर सादर करावे.'

त्या गृहस्थांनी काही वाईट केलं असं मला वाटत नाही. उद्या येणारा माणूस विचारणार, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हा खर्च वाढवायला? म्हणून प्रभारी माणूस पगाराच्या, निकालांच्या आणि कोर्टाच्या फायली तेवढ्या काढतो, बाकीच्या थांबवतो. त्याच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं. पण ही एक फाईल झाली. प्राध्यापक भरतीची, नव्या वसतिगृहाची, प्रयोगशाळेच्या खरेदीची, संशोधन केंद्राच्या मान्यतेची, अशा प्रत्येक कपाटात तोच शेरा मारलेल्या फायली पडून राहतात.

मराठी विभागात एम.ए. करणारी एक मुलगी तेव्हा ग्रंथालयात काम करायची. मानधनाच्या दिवशी माझ्या टेबलापाशी यायची आणि हळूच विचारायची, "मॅडम, ते वाढायचं होतं ना, झालं का?" मी म्हणायची, "अगं, नवे कुलगुरू आले की होईल." दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन ती गावी गेली, तोवर नवे कुलगुरू आले नव्हते. दर वाढला, पण ती गेल्यानंतर. तासामागे वाढलेले ते थोडेसे रुपये तिच्यासाठी महिन्याच्या मेसच्या बिलाचा प्रश्न होते. विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात ती रक्कम शोधूनही सापडली नसती.

आता एक बाब बाहेरच्यांच्या फारशी लक्षात येत नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात प्र-कुलगुरूंची मुदत कुलगुरूंच्या मुदतीला बांधलेली आहे. विद्याशाखांचे प्रमुख म्हणजे अधिष्ठाते, त्यांचंही तसंच. म्हणजे कुलगुरू गेले की प्र-कुलगुरू जातात, चारही विद्याशाखांचे अधिष्ठाते जातात. दुसऱ्या फळीने सांभाळून घ्यायचं, तर दुसरी फळी त्याच दिवशी मोडते. मग प्रभारी कुलगुरू प्रभारी प्र-कुलगुरू नेमतात, प्रभारी अधिष्ठाते नेमतात आणि सगळी इमारतच प्रभारी होते. नव्या कुलगुरूंना आपली टीम निवडता यावी हा त्यामागचा विचार असणार, तो मला पटतोही. पण मधल्या काळात संस्थेची स्मृती कुणाकडे राहणार? कुठलं काम कुठवर आलंय, कुणाला काय शब्द दिलाय, हे मग आमच्यासारख्या कक्षाधिकाऱ्यांच्या डोक्यात तेवढं उरतं, आणि आम्हीही निवृत्त होतो.

जाण्यासारखं जाणं कसं असतं, हेही आपल्याच महाराष्ट्रात बघायला मिळतं. एस. आर. डोंगरकेरी हे मुंबई विद्यापीठाचे अनेक वर्षं रजिस्ट्रार, म्हणजे कुलसचिव. शताब्दीच्या निमित्ताने त्या विद्यापीठाचा इतिहासही त्यांनीच लिहिला. असा माणूस १९५८ मध्ये नव्याने निघालेल्या मराठवाडा विद्यापीठाचा पहिला कुलगुरू झाला. मराठवाड्यातली कॉलेजं तोवर हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. मराठवाडा मुंबई राज्यात येऊन दोनच वर्षं झाली होती. शंभर वर्षांची घडी बसलेली संस्था आणि फोर्टातला राजाबाई टॉवर मागे ठेवून ते औरंगाबादला गेले, जिथे परीक्षेच्या नियमापासून सगळं शून्यातून उभं करायचं होतं. आणि ते करायला प्रशासन हाडीमासी खिळलेला माणूसच लागतो. विद्यापीठ म्हटलं की आपल्याला विद्वान दिसतात. पण हॉलतिकीट वेळेवर निघणं, गुणपत्रिका बिनचूक असणं, कॉलेजला संलग्नता नियमाने मिळणं, या गोष्टी बसवून देणारा रजिस्ट्रार मागास भागाला मिळाला, हे त्या भागाचं भाग्य असं मी मानते.

दुसरं नाव डॉ. राम ताकवले. १९७८ ते १९८४ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. त्यानंतर ते स्वस्थ बसले असते तरी कुणी काही म्हटलं नसतं. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं आणि त्याचे पहिले कुलगुरू तेच. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्या विद्यापीठाचं ब्रीद. दहावी-बारावी न झालेल्यालाही पूर्वतयारी करून पदवीपर्यंत जाता येईल, अशी दारं तिथे उघडली. माझ्या धाकट्या जाऊबाई लग्नानंतर घर सांभाळत तिथूनच बी.ए. झाल्या. रविवारी सकाळी अभ्यासकेंद्रावर जायच्या, पिशवीत विद्यापीठाची ती स्वयं-अध्ययनाची पुस्तकं. पुढे नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ताकवले सर दिल्लीला इग्नूचे (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे) कुलगुरू म्हणून गेले. पण नाशिकचं काम थांबलं नाही. पुस्तकं छापलेली होती, अभ्यासकेंद्रं गावोगावच्या कॉलेजांमध्ये बसलेली होती, कुणी काय करायचं ते लिहून ठेवलेलं होतं. २०२३ च्या मे महिन्यात सर गेले तेव्हा मी जाऊबाईंना फोन केला. सरांना त्यांनी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं, तरी रडल्या.

म्हणून जो जातोय त्याच्याकडे माझं एक मागणं आहे. नवीन खुर्चीचं पत्र हातात पडलं की दोन दिवस सत्कार बंद ठेवा आणि बसून लिहा. कुठली फाईल कुठे अडलीय, का अडलीय, कुणाला काय कबूल केलंय, कुठला निर्णय तुमच्या मते घ्यायला हवा होता. कार्यभार हस्तांतरणाच्या कागदावर आज शिक्के, चाव्या आणि गाडीची नोंद असते. कामाची नोंदही असायला हवी, आणि ती विद्यापीठाचे निर्णय घेणाऱ्या व्यवस्थापन परिषदेपुढे ठेवली जावी. आमचे सर हे करतील अशी मला खात्री आहे. मी त्यांना फोन करून सांगितलंही.

पण एकेका चांगल्या माणसावर हे किती दिवस चालवायचं? प्र-कुलगुरू आणि अधिष्ठात्यांची मुदत कुलगुरूंबरोबर संपण्याऐवजी नवीन कुलगुरू रुजू झाल्यानंतर सहा महिन्यांनी संपावी, एवढी दुरुस्ती कायद्यात करा. शोध समिती मुदत संपण्याआधी वर्षभर बसवा. आणि प्रभारींच्या आदेशात स्पष्ट लिहा की विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीचे, वसतिगृहाचे आणि मानधनाचे निर्णय त्यांनी घ्यायचेच आहेत, ते पुढे ढकलायचे नाहीत.

माझ्या मित्रयादीत अधिसभेचे (सिनेटचे) सदस्य आहेत, काही पदवीधर गटातून निवडून आलेले, काही प्राचार्य. मार्चमध्ये अर्थसंकल्पाची अधिसभा असते. तिथे हा ठराव मांडा, आणि आपापल्या विद्यापीठाकडून शासनाला आणि कुलपतींच्या कार्यालयाला पाठवा. ठरावाचा मसुदा, कलमांच्या संदर्भासह, मी लिहून द्यायला तयार आहे. इनबॉक्समध्ये सांगा, आठवड्याभरात पाठवते.