मॅकमिलन यांची ज्युलिएट फॉन्टेन नव्हत्या

‘रोमिओ अँड ज्युलिएट’विषयी एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे ढकलला जातो. त्याचा गोषवारा असा: नृत्यरचनाकार केनेथ मॅकमिलन यांनी लंडनच्या रॉयल बॅले या संस्थेसाठी हा बॅले मार्गो फॉन्टेन आणि रुडॉल्फ नुरेयेव या नामवंत नर्तक जोडीकरता रचला, पहिल्या रात्री टाळ्या थांबेनात म्हणून पडदा 43 वेळा उघडावा लागला, रशियाबाहेर तो आधी कुणी केलाच नव्हता, मूळ रचना पाहायची तर 1966 चा चित्रपट पाहावा. यातला पडद्याचा आकडा तेवढा ठीक आहे.

कुणासाठी रचला? रॉयल बॅलेच्याच लिन सिमूर आणि ख्रिस्तोफर गेबल या नर्तकांसाठी. बाल्कनीतलं युगुलनृत्य तर 1964 मध्येच कॅनडाच्या दूरचित्रवाणीसाठी याच जोडीवर बसवलं होतं. लंडनमध्ये 9 फेब्रुवारी 1965 ला पडदा उघडला तेव्हा मात्र समोर फॉन्टेन आणि नुरेयेव होते. पुढे अमेरिकेचा दौरा होता, तिथले आयोजक सॉल ह्युरॉक यांना तिकीटबारीवर चालणारी नावं हवी होती आणि संस्थेने ते मानलं. स्वयंपाक एकाचा, पंगतीत पहिलं पान दुसऱ्याला. सिमूर आणि गेबल यांना आपल्या अंगावर बेतलेल्या भूमिका इतर जोड्यांना शिकवाव्या लागल्या.

भूमिका कुणाच्या अंगावर बेतली, याने नाचात काय फरक पडतो? तिसऱ्या अंकात ज्युलिएट पलंगाच्या कडेला नुसती बसून राहते. वाद्यवृंद चढत जातो आणि ती एकही पाऊल टाकत नाही. नर्तकीला असं रिकामं बसवायचं धाडस सिमूर यांच्यातल्या अभिनेत्रीच्या भरवशावरचं होतं. थडग्यातलं नृत्य तर याहून अवघड. एरवी उचलताना नर्तकी गुडघे वाकवून स्वतः उसळी घेते, त्यामुळे जोडीदाराचा भार निम्मा होतो. इथे ज्युलिएट निपचित आहे, उसळी घेणार कशी? ती ताठरली तर मेल्याचं सोंग उघडं पडतं, खरोखरच ढिली पडली तर रोमिओची पाठ जाते. म्हणून पोट-कंबर आतून आवळलेली आणि मान-हात सैल, अशी तारेवरची कसरत करावी लागते. यात सुंदर दिसायला वावच नाही, आणि मॅकमिलन यांना तेच हवं होतं. फॉन्टेन यांची घडण शरीराची डौलदार रेषा सांभाळणाऱ्या अभिजात शैलीतली, वय 45. त्यांची ज्युलिएट थोर होती, पण वेगळी होती.

‘रशियाबाहेर कुणी केलाच नव्हता’ हे तर सरळ खोटं. बॅलेचे रशियन संगीतकार प्रोकोफिएव यांच्या या संगीतावरचा पहिलाच प्रयोग 1938 मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो इथे झाला. रशियात, लेनिनग्राडमध्ये, नृत्यरचनाकार लावरोव्स्कींची रचना 1940 मध्ये आली. फ्रेडरिक ॲश्टन यांनी 1955 मध्ये कोपनहेगनला तो बसवला, जॉन क्रँको यांनी 1958 मध्ये इटलीत आणि 1962 मध्ये श्टुटगार्टला. 1956 च्या लंडन दौऱ्यात मॉस्कोच्या बोल्शॉय बॅलेने लावरोव्स्कींचा प्रयोग केला, तेव्हा त्यांच्या नर्तकी उलानोवांची ज्युलिएट पाहून लंडनकर आधीच वेडे झाले होते.

राहिला चित्रपट. त्यातही फॉन्टेन आणि नुरेयेवच आहेत, आणि सगळा घोळ बहुधा तिथूनच पसरला. तो फॉन्टेन यांच्या ज्युलिएटचा पुरावा म्हणून जरूर पाहावा. तो पडद्यावर आला त्याच वर्षी मॅकमिलन बर्लिनच्या बॅलेचे प्रमुख झाले आणि सिमूर यांना सोबत घेऊन गेले; गेबल यांनी 1967 मध्ये रॉयल बॅले सोडून अभिनयाची वाट धरली.