एका स्टेपलरच्या पिनेनं माझा अडॅप्टर खाल्ला

काल रात्री साडेअकराला चट् आवाज झाला, निळी ठिणगी उडाली आणि अडॅप्टरचा हिरवा दिवा गेला तो गेलाच. तीन शनिवार खपून केलेला माझा लॅपटॉपच्या चार्जिंगचा चुंबकाचा कनेक्टर! टेबलावर कुठेतरी पडलेली स्टेपलरची एक पीन उडून चिकटली ती नेमकी प्लस आणि मायनसच्या मध्ये आडवी. १९ व्होल्ट! काढायला गेलो तर बोटाला चटका. पीन मधोमध काळीनिळी पडलेली. अहो, टेबल मी स्वतः पुसलं होतं. मग ही आली कुठून?

आणि मुळात हे उद्योग मी का करायचे? दिवाळीत भाच्याचा पाय वायरीत अडकला, लॅपटॉप धाडकन खाली, चार्जिंगचा जॅक मदरबोर्डावरून उखडला. दुरुस्तीवाला म्हणे, "साहेब, बोर्डच बदला." दोन रुपड्यांच्या जॅकपायी बोर्ड? ॲपलनं २००६ मध्येच मॅगसेफ, म्हणजे चुंबकानं चिकटणारा चार्जिंगचा कनेक्टर, आणला होता. पाय अडकला की वायर सुटते, लॅपटॉप जागच्या जागी. जपानात तर त्याच्याही आधीपासून तळणीच्या विजेच्या भांड्यांना चुंबकाची वायर असते, उकळतं तेल अंगावर येऊ नये म्हणून. इतकी साधी गोष्ट! आणि ॲपलनं तरी काय केलं? २०१६ पासून काढायला घेतला, २०२१ मध्ये परत आणला. मधल्या काळात लोकांनी काय वायरी ओलांडत उड्या मारायच्या?

आमच्या बिल्डरनं हॉलमधला प्लग दाराच्या मागे दिलाय. म्हणून वायर खोलीभर आडवी. त्याच्या डोक्यात काय होतं देव जाणे.

पहिला शनिवार तर चुंबकांनीच खाल्ला. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी निओडायमियमचे, म्हणजे ते छोटे पण जबरदस्त ताकदीचे, चुंबक घेतले, थेट त्यांनाच सोल्डरिंगचा डाग दिला. साधा निओडायमियम ८० अंशांच्या वर तापला की जोर गमावतो आणि सोल्डरिंग गन साडेतीनशेच्या पुढे. चारही चुंबक मेले, टाचणी उचलेनात. "तापवू नका" एवढं बोलायला दुकानदाराचं काय जात होतं?

आज संध्याकाळी परत बुधवार पेठेत जाणार. चुंबक आता लॅपटॉपच्या बाजूला, अडॅप्टरच्या, म्हणजे करंट असलेल्या बाजूला नुसती लोखंडी पट्टी, आणि तिथल्या करंटच्या पिना आत खोल बसवणार. स्टेपलर या खोलीत कुणीही आणायचा नाही. कुणीही म्हणजे कुणीही.