तिथं सोय आहे का?

नोकरीत होतो तेव्हा घराबाहेर पडायला घड्याळाचा हुकूम पुरायचा. आता दोन परवानग्या लागतात. एक माझ्या मूत्राशयाची, दुसरी हिच्या गुडघ्यांची. दोघांचं आपसात पटत नाही, आणि आयत्या वेळी मत फिरवण्यात दोघंही कुठल्याच नगरसेवकाला हार जाणार नाहीत.

माझं प्रकरण आधी सांगतो. रक्तदाबासाठी डॉक्टरांनी मला जी गोळी दिली आहे तिला आमच्या कट्ट्यावर ‘पाण्याची गोळी’ म्हणतात. ती सकाळीच घ्यायची, म्हणजे रात्र झोपेत जाते. दिवस कशात जातो ते विचारू नका. बँक दहाला उघडते. गोळीही दहालाच कामाला लागते. त्यात प्रोस्टेट. महागाई भत्ता सोडला तर निवृत्तीनंतर माझ्या वाट्याला आलेली ती एकमेव वाढ, आणि तीही अर्ज न करता मंजूर झालेली.

त्यामुळे कुणी कुठलंही ठिकाण सुचवलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला : “तिथं सोय आहे का?” नाटक कुठलं, लग्न कुणाचं, हे नंतर. हिचा प्रश्न : “पायऱ्या किती?” कोथरूडमध्ये आमचा जन्म गेला, पण दोघांच्या डोक्यात पुण्याचे नकाशे मात्र वेगवेगळे. माझ्या नकाशात पेट्रोल पंप, नाट्यगृहं, दवाखाने आणि ज्यांचे मालक गल्ल्यावरून मान वर करत नाहीत अशी हॉटेलं ठळक आहेत. (तिथंही मनाची लाज म्हणून आधी कॉफी मागवावी लागते. त्या कॉफीपायी पुढचं हॉटेल शोधावं लागतं, तो भाग वेगळा.) हिच्या नकाशात कठडे, लिफ्ट, बाकं आणि गिऱ्हाइकाला खुर्ची देणारी साडीची दुकानं. कठड्याशिवाय चार पायऱ्या दिसल्या की ही फुटपाथवरूनच निकाल देते, “महाग असतं इथं.”

२०२४च्या सप्टेंबरअखेर मंडईपर्यंत भुयारी मेट्रो सुरू झाली. लोक म्हणाले, पेठांमधल्या गर्दीतून सुटलो. मी स्टेशनातला स्वच्छतागृहाकडे जाणारा बाण बघितला आणि मनातल्या मनात हात जोडले. वनाजला बसायचं आणि जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची. आता गंमत अशी, की आमची गाडी तिथं येते पुलावरून आणि मंडईची गाडी धावते जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर. म्हणजे सदेह स्वर्गातून थेट पाताळात. सरकते जिने आहेत, पण सरकत्या जिन्यावर पहिलं पाऊल टाकण्याआधी ही जेवढा विचार करते तेवढा तिनं मला होकार देताना केला नव्हता. म्हणून लिफ्ट. लिफ्टपाशी सगळे आमच्याच बॅचचे. प्रत्येकाच्या हातात कापडी पिशवी आणि चेहऱ्यावर आपापली घाई.

तुळशीबागेत गेल्यावर हिचं तंत्र निराळं असतं. सकाळपासून ती पाणीच पीत नाही. बाजारात बायकांसाठी धड जागा नसते हे तिनं कॉलेजात असल्यापासून गृहीत धरलं आहे. डॉक्टर म्हणतात भरपूर पाणी प्या. ही घरी परतल्यावर पिते. बाजार चालतो बायकांच्या जिवावर आणि त्यांचीच सोय सगळ्यात शेवटी. माझ्या सगळ्या रडगाण्यात ही एकच तक्रार रास्त आहे, आणि ती माझी नाही.

खरी कसोटी लागते ती रक्ततपासणीच्या दिवशी. रात्रीच्या जेवणानंतर आठ-दहा तास पोटात अन्न नाही, मग पहिलं रक्त, मग खाणं आणि खाल्ल्यापासून बरोबर दोन तासांनी दुसरं रक्त. या दोन तासांत शहरातली उरलेली कामं कोंबायची. तशी कामं उरली आहेत कुठे म्हणा! विजेचं बिल मुलगा बंगळुरूहून मोबाइलवर भरतो. हयातीचा दाखला २०१४पासून डिजिटल झाला आणि आता तर मोबाइलसमोर डोळे मिचकावले की आपण जिवंत आहोत याची सरकारला खात्री पटते. मुलगा म्हणतो, “बाबा, दोन मिनिटांचं काम आहे.” तेच तर दुखणं आहे. दोन मिनिटांत जिवंत ठरून बाकी दिवस करायचं काय? म्हणून नोव्हेंबरात मी बँकेतच जातो. तिथल्या रखवालदाराला काही सांगावं लागत नाही. मी दिसलो की तो ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ या पाटीकडे पाठ करून रस्त्यावरची रहदारी न्याहाळू लागतो. मॅनेजरसाहेबांपेक्षा दिवाळीला मी त्यालाच आधी फराळ नेऊन देतो.

तपासणीच्या लॅबमध्ये मात्र सगळं उलटं. साऱ्या शहरात ही एकच जागा अशी, जिथं हातात डबी देऊन “काका, जाऊन या” असं प्रेमानं सांगतात. आणि नेमकी तिथंच माझी गाडी अडते. पाणी पितो, फेऱ्या मारतो, वाहत्या नळाकडे बघत उभा राहतो. ती मुलगी म्हणते, “सावकाश होऊ दे काका.” सावकाश! शेवटी डबी तशीच परत करून रिक्षात बसलो की कर्वे रोडच्या पहिल्याच सिग्नलला सगळं आठवतं.

परगावचा मामला याहून बिकट. भाचीचं लग्न कोल्हापूरला ठरलं आणि घरात दोन पक्ष पडले. एसटीचा हिशेब गोड होता. हिला मार्च २०२३पासून महिला म्हणून अर्धं तिकीट, मला पासष्टी ओलांडली म्हणून अर्धं. दोघांत मिळून एका तिकिटात कोल्हापूर. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका तर पंच्याहत्तरीपलीकडचे. त्यांना २०२२च्या अमृत योजनेपासून सगळा महाराष्ट्र फुकट. ते नुसता चहा प्यायला साताऱ्याला जाऊन येतात आणि चहा महागलाय म्हणून कुरकुरतात. पण एसटी थांबते ती तिच्या मर्जीनं. खंबाटकी चढताना मी कंडक्टरकडे ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेनं मी कधी देवाकडेही बघितलेलं नाही. शिवाय एसटीची पहिली पायरी हिच्या गुडघ्याला जाहीर आव्हान देते.

मी रेल्वेचा. रस्त्यानं कोल्हापूर दोनशे तीस-पस्तीस किलोमीटर. रेल्वे लोणंद, सातारा, मिरज करत सव्वातीनशे करते. करू दे. डब्याच्या दोन्ही टोकांना सोय आहे, माणूस आणखी शंभर किलोमीटर आनंदानं जाईल. पुरुषांना चाळीस आणि बायकांना पन्नास टक्के सवलत मिळायची ती मार्च २०२०मध्ये बंद झाली, त्याचं दुःख आहेच. त्याहून मोठा घाव नोव्हेंबर २०२४चा. आरक्षण १२० दिवस आधी करता यायचं ते ६० दिवसांवर आणलं. तरुणांना काय फरक पडतो? आमच्या हातचं दोन महिन्यांचं काम गेलं! गाडी ठरवणं, ती बदलणं, डब्यात मधला बर्थ नको म्हणून भांडणं, हे सगळं आता घाईघाईत उरकावं लागतं.

खालच्या बर्थचा कोटा साठीच्या पुरुषांना आणि पंचेचाळिशीच्या बायकांना मिळतो, पण तिकिटावर एकच किंवा दोनच माणसं असली तर. हिच्या दादानं फोन केला, “आपण एकत्रच तिकीट काढू, गप्पा मारत जाऊ.” हिनं एक क्षणही न घालवता सांगितलं, “दादा, तुझं तू काढ.” रक्षाबंधन अवघ्या आठवड्यावर होतं. गुडघ्यापुढे राखीचं काही चाललं नाही.

एवढं करून दोन खालचे बर्थ मिळाले. औषधं दोन बॅगांत विभागली, दूध बंद केलं, गॅस बंद असल्याची खात्री आळीपाळीनं केली. मग रीतीप्रमाणे मी साडूंना फोन लावला आणि कार्यालयाची चौकशी सुरू केली.

“बिनघोर या ओ,” साडू म्हणाले. “हॉल पहिल्या मजल्यावर हाय, लिफ्ट हाय.”

“आणि सोय?”

“तळमजल्याला. एकदम चकाचक!”

फोन स्पीकरवर होता. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

“तू वर बस,” मी म्हणालो. “मी खालीच थांबतो. मंगलाष्टकं काय, माइकवर ऐकू येतातच.”

“आणि अक्षता?”

“माझ्या वाटच्याही तूच टाक.”

हिनं फोन स्वतःकडे ओढला. “भावजी, पंगत कुठंय?”

पंगत गच्चीवर होती. लिफ्ट पहिल्या मजल्यापर्यंतच जात होती.